२००७चा एनएफएल मोसम: २९ डिसेंबरची ती ‘बिनकामाची’ मॅच

हडसनकाठी (धागालेखक)

परवा ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याशी गप्पा मारताना एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, २००७च्या मोसमाचा विषय निघाला. त्याला त्यातली एकच गोष्ट माहीत होती: सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, न्यू यॉर्क जायंट्सच्या डेव्हिड टायरीने हेल्मेटला दाबून धरलेला चेंडू. "जायंट्सचं नशीब जोरावर होतं," असं म्हणून तो मोकळा झाला. तो मोसम मी न्यू जर्सीत बसून पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या सेकंदापर्यंत पाहिला आहे. त्याला कुणी नशिबाच्या खात्यावर टाकलं की मला राहवत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी तो मोसम पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी सुपर बोलमध्ये जायंट्ससमोर असलेल्या, बॉस्टनकडच्या पॅट्रियट्सबद्दल. त्या उन्हाळ्यात त्यांनी ओकलंडकडून रँडी मॉस आणला, तोही ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. मायामीकडून वेस वेल्कर आणला. पास फेकणाऱ्या टॉम ब्रेडीच्या हाताशी एकदम असे दोन रिसीव्हर (पास पकडणारे) आले आणि पहिल्या तिन्ही सामन्यांत संघाने बरोबर ३८-३८ गुण काढले. वॉशिंग्टनला ५२-७, बफलोला ५६-१०. मोसमभरात ५८९ गुण झाले, तेव्हाचा विक्रम. १६ पैकी १६ सामने जिंकले. सामने १६ झाल्यापासून असं कुणालाही जमलं नव्हतं. १९७२चे मायामी डॉल्फिन्स अपराजित राहिले होते, पण तेव्हा साखळीत १४च सामने असत.

आता आमचे जायंट्स. टिकी बार्बर आदल्या वर्षी निवृत्त झालेला. मायकल स्ट्रेहन खेळायचं की सोडायचं या विचारात सराव शिबिराला आलाच नाही. पहिल्या दोन सामन्यांत डॅलसने ४५ आणि ग्रीन बेने ३५ गुण चढवले. प्रशिक्षक टॉम कॉफलिन ६१ वर्षांचे, शिस्तीचे कडक. मीटिंगला वेळेवर पोचलेला खेळाडूही त्यांच्या घड्याळाने पाच मिनिटं उशिरा ठरायचा. त्यांना काढा म्हणणारे इथल्या प्रत्येक रेडिओ कार्यक्रमात होते. आमच्याकडे पास फेकणाऱ्या ईलाय मॅनिंगची तर रोज थोरल्या भावाशी, पेटनशी, तुलना व्हायची, आणि पेटनने आदल्याच वर्षी सुपर बोल जिंकलेला. नोव्हेंबरात मिनेसोटाविरुद्ध ईलायने चार इंटरसेप्शन दिले (त्याचे पास समोरच्यांनी पकडले), त्यातल्या तिनांवर समोरच्यांनी थेट टचडाऊन केले, म्हणजे चेंडू आमच्या शेवटच्या रेषेपार नेला. मी तो सामना अर्ध्यात बंद केला होता.

तर २९ डिसेंबर २००७, शनिवार रात्र. साखळीतला शेवटचा सामना, पॅट्रियट्स आमच्या जायंट्स स्टेडियममध्ये. ते १५-०. आम्ही प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) आधीच पोचलेलो, पाचवं मानांकन ठरलेलं. जिंकलो काय, हरलो काय, पुढचा सामना टँपा बेशीच. टँपाने स्वतः आपले मुख्य खेळाडू बाकावर बसवून विश्रांतीला ठेवले होते. सगळे शहाणे सांगत होते की कॉफलिननेही तेच करावं.

त्यांनी ते केलं नाही. पूर्ण ताकदीचा संघ उतरवला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २८-१६ पुढे होतो. शेवटी ३८-३५ हरलो. सेंटर शॉन ओ'हॅरा, लाइनबॅकर कविका मिचेल आणि कॉर्नरबॅक सॅम मॅडिसन, तिघे दुखावले. दुसऱ्या दिवशी कॉफलिनना शिव्या घालणारे कमी नव्हते.

माझं म्हणणं असं आहे की सुपर बोल त्या रात्रीच जिंकला गेला. पाच आठवड्यांनी ॲरिझोनात जे झालं ते त्या रात्रीचं व्याज होतं. इतरांना काय वाटतं?

चौथा_डाऊन

सुरेख लिहिलंय. त्या सामन्यातली एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चौथा क्वार्टर, पॅट्रियट्स २३-२८ मागे. ब्रेडीने मॉसकडे लांब चेंडू फेकला, थोडा आखूड पडला, मॉसच्या हातून सुटला. पुढच्याच चालीला ब्रेडीने तोच पास, त्याच बाजूला, त्याच माणसाकडे पुन्हा फेकला. ६५ यार्डांचा टचडाऊन. एका फेकीत दोन विक्रम: ब्रेडीचा मोसमातला ५०वा टचडाऊन पास (पेटनचे ४९ होते) आणि मॉसचा २३वा (जेरी राइसचे २२). नुकताच चुकलेला डाव लगेच तसाच पुन्हा मांडायचा, याला छाती लागते.

सांजवात

मी या खेळातली जाणकार नाही. माझा मुलगा तेव्हा एडिसनला नववीत होता, त्याच्यामुळे बघायला लागले. एक प्रामाणिक प्रश्न आहे. ज्या सामन्याने काहीच ठरणार नाही तिथे माणसं जायबंदी करून घेण्यात काय शहाणपण? मुलगा "आई, तुला नाही कळायचं" म्हणून उठून गेला होता, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं.

हडसनकाठी

सांजवात, प्रश्न रास्त आहे, आणि त्या आठवड्यात इथले निम्मे लोक तोच विचारत होते.

माझं उत्तर असं. तोवर पॅट्रियट्सशी खेळणारे बहुतेक संघ मैदानात उतरायच्या आधीच मनातून हरलेले असत. त्या रात्री जायंट्सच्या बचावफळीने ब्रेडीला जवळून पाहिलं. त्याच्या पुढची भिंत कुठे वाकते, तो चेंडू किती वेळ हातात ठेवतो, मॉसला कुणी आणि कसं धरायचं, हे चित्रफितीवर बघणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं. शिवाय ईलायने त्या दिवशी चार टचडाऊन पास फेकले. मिनेसोटाच्या सामन्यानंतर महिनाभरात! तिथून पुढे प्लेऑफच्या पहिल्या तीन सामन्यांत त्याने एकही इंटरसेप्शन दिला नाही.

टँपाचे विश्रांती घेतलेले खेळाडू ६ जानेवारीला आमच्याकडून २४-१४ हरले, हेही लक्षात घ्या.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनचा. तेव्हाही होतो, आजही आहे, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात कालवतंच. पण हडसनकाठी, तुम्ही विषय सरळ मांडलात, म्हणून सरळच उत्तर देतो.

२९ डिसेंबरला तुम्ही आम्हाला पाहिलंत, तसं आम्हीही तुम्हाला पाहिलं. बेलिचिकसारखा आमचा प्रशिक्षक एका सामन्यातून समोरच्यापेक्षा कमी शिकेल हे मला पटत नाही. हरण्याची कारणं माझ्या मते वेगळी. एक, ब्रेडीचा घोटा चार्जर्सविरुद्धच्या सामन्यात दुखावला होता. नंतर न्यू यॉर्कच्या रस्त्यावर तो पायात संरक्षक बूट घालून चालताना छायाचित्रकारांना दिसला. दोन, ब्रेडीच्या पुढच्या भिंतीतला उजवा गार्ड स्टीव्हन नील सुपर बोलच्या मधेच गुडघा दुखावून बाहेर गेला. आणि तीन, जे मला आजही सलतं: तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही तुमच्या ३१ यार्डांवर होतो. चौथा डाऊन (चार प्रयत्नांतला शेवटचा), १३ यार्ड बाकी. ४९ यार्डांचा फील्ड गोल (पायाने चेंडू खांबांमधून) मारायचा सोडून बेलिचिक पास करायला गेला. पास वाया. शेवटचा फरक किती? तीन गुण. फील्ड गोलचे किती? तीन.

आणि खरं सांगायचं तर आमची गाडी नोव्हेंबरच्या शेवटापासूनच धापा टाकत होती. ईगल्सविरुद्ध ३१-२८. आणि ३ डिसेंबरची बाल्टिमोरची रात्र! बाल्टिमोरच्या संघाने, रेव्हन्सनी, ब्रेडीला चौथ्या डाऊनला अडवलं होतं, सामना खिशात होता. पण चाल सुरू व्हायच्या क्षणी त्यांच्याच बचाव प्रशिक्षकाने, रेक्स रायनने, टाइमआऊट मागितला होता. चाल रद्द. मग आम्ही पुन्हा प्रयत्न केला, त्यात आमचीच चूक होऊन पाच यार्डांचा दंड, मग ब्रेडी स्वतः पळाला आणि मिळालं. ४४ सेकंद उरले असताना आमच्या गॅफ्नीचा टचडाऊन, २७-२४. मी त्या रात्री घरच्यांना म्हटलं होतं, हे फार दिवस टिकणार नाही.

पानशेत

मला नेहमी वाटतं की या मोसमाबद्दल बोलताना कॅमेरा प्रकरण बाजूला ठेवता येत नाही. पहिल्याच आठवड्यात जेट्सच्या प्रशिक्षकांचे हातवारे चित्रित करताना पॅट्रियट्सचा माणूस पकडला गेला. बेलिचिकला ५ लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख आणि २००८च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड काढून घेतली. त्यानंतर ज्या त्वेषाने त्यांनी सगळ्यांना धुतलं, त्याचं मूळ या अपमानात होतं असं माझं मत. पुढे असूनही शेवटपर्यंत पास फेकत राहायचे. मला ते बघवत नसे.

चार्ल्सकाठ

पानशेत, चूक ती चूक, शिक्षा झाली ती योग्यच झाली. पण त्यानंतर सबंध लीगची नजर आमच्यावर असताना जिंकलेले सामने तरी मैदानावरच जिंकलेले होते, एवढं मान्य करा.

पानशेत

ते मान्य.

मुळामुठा

मी तेव्हा पुण्यात, नुकती नोकरी लागलेली. सुपर बोल आपल्याकडे ४ फेब्रुवारीला सोमवारी पहाटे पाचला सुरू झाला. माझ्याकडे प्रक्षेपण नव्हतं, पण रात्रपाळी होती आणि कंप्यूटरवर एका संकेतस्थळावर धावतं वर्णन येत होतं, एकेका चालीची एकेक ओळ. एफ-पाच दाबत बसलो होतो. मध्यंतरापर्यंत ७-३, तिसऱ्या क्वार्टरअखेरही ७-३. मला वाटलं पानच अडकलंय.

साडेआठच्या सुमारास ओळ आली: मॅनिंगचा टायरीला पास, ३२ यार्ड. बस, एवढंच. मी मनात म्हटलं, बरा पास झाला. संध्याकाळी उठल्यावर चित्रफीत पाहिली आणि पलंगावर बसून राहिलो. सकाळी वाचलेल्या त्या एका ओळीत हे सगळं होतं?

चौथा_डाऊन

मुळामुठा, काय आठवण सांगितलीत! त्या चालीबद्दल जरा सविस्तर लिहितो, धाग्यात नवे वाचकही आहेत.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा नवे चार. जायंट्स १०-१४ मागे, सुरुवात स्वतःच्या १७ यार्डांवरून, घड्याळात २ मिनिटं ३९ सेकंद. वाटेत एकदा चौथा डाऊन, एक यार्ड बाकी. ब्रँडन जेकब्सने डोकं खाली घालून दोन काढले. मग दुसऱ्या डाऊनला ईलायचा एक पास असांटे सॅम्युएलच्या पसरलेल्या बोटांना लागून वर निसटला. तो त्याने धरला असता तर पॅट्रियट्स १९-० झाले असते.

त्याच्या पुढची ती चाल. तिसरा डाऊन, पाच यार्ड बाकी, १ मिनिट १५ सेकंद. जार्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सीमोर ईलायपर्यंत पोचले. ग्रीनच्या मुठीत त्याच्या जर्सीचं कापड आलेलं दिसतं. कापड ताणलं जातं आणि ईलाय त्यातून मागे सटकतो. दोन पावलं मागे, पाय रोवले, मधोमध उंच चेंडू. टायरीने उडी मारून दोन्ही हातांनी पकडला. रॉडनी हॅरिसनने मागून त्याच्या हातावर फटका मारला. डावा हात सुटला. उजव्या हाताने टायरीने चेंडू हेल्मेटवर दाबला, आणि कंबरेतून मागे वाकत, हॅरिसन अंगावर लोंबकळत असताना, पडता पडता डावा हात पुन्हा चेंडूवर आणला. चेंडू जमिनीपासून काही इंच.

याला नुसतं नशीब म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत हळू गतीने एकदा बघावी. हॅरिसनने ढिलाई केली नव्हती. त्याने चेंडू उडवण्यासाठी करता येईल ते सगळं केलं.

सांजवात

आणि तरीही सामना तिथे संपला नव्हता ना? मला आठवतं, मुलगा अजून उभाच होता.

चौथा_डाऊन

नाही संपला. त्यानंतर ईलाय एकदा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला. तिसरा डाऊन, ११ यार्ड बाकी: स्टीव्ह स्मिथला १२ यार्डांचा पास. हा पास कुणालाच आठवत नाही, पण तो चुकला असता तर हेल्मेट कुणाच्या लक्षात राहिलं असतं? मग ३५ सेकंद उरलेले असताना प्लॅक्सिको बरेस, एलिस हॉब्जला चकवून, डाव्या कोपऱ्यात एकटा. १७-१४. बरेस वर्षभर दुखऱ्या घोट्यावर खेळला, सरावाला क्वचितच उतरायचा. सामन्याआधी त्याने २३-१७ असा निकाल वर्तवला होता. त्यावर ब्रेडी हसून म्हणाला होता, आम्ही फक्त १७च गुण करणार होय? केले १४.

हडसनकाठी

सगळं खरं. पण आपण पुन्हा त्या एका चालीपाशीच येऊन थांबलो. मला राहिलेल्या ५८ मिनिटांबद्दल बोलायचंय.

साखळीत प्रत्येक सामन्याला सरासरी ३६च्या वर गुण करणारा संघ १४वर का अडकला? कारण ब्रेडी वारंवार जमिनीवर होता. साखळीच्या १६ सामन्यांत तो २१ वेळा सॅक झाला होता. त्या एका रात्रीत पाच वेळा. आणि यातली खरी कारागिरी बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांची. कबड्डीच्या भाषेत सांगतो. चढाई करणाऱ्याला धरायला सहा जण धावले तर अंगण मोकळं पडतं आणि तो हुशार असला तर रेषेला हात लावून जातो. ब्रेडी तसा हुशार; पाच-सहा जण अंगावर धाडले की मोकळा झालेला माणूस तो क्षणात हेरायचा. जायंट्सनी बहुतेक वेळा चौघांतच काम भागवलं. स्ट्रेहन, युमेन्योरा आणि जस्टिन टक, तिघेही कडेला खेळणारे चपळ गडी. त्यातल्या टकला त्यांनी मधे, अवजड गार्डसमोर उभा केला. गार्डना एवढ्या वेगाची सवय नसते. टकने दोनदा ब्रेडीला पाडलं. आणि मागे पास अडवायला सात जण कायम उरले.

त्या मोसमात जायंट्सचे ५३ सॅक होते, लीगमध्ये सर्वांत जास्त. ईगल्सविरुद्ध एका रात्रीत १२, त्यातले सहा एकट्या युमेन्योराचे. ही फळी काही ३ फेब्रुवारीला आकाशातून पडली नव्हती.

चार्ल्सकाठ, नीलच्या दुखापतीचा मुद्दा मी मानतो. घोट्याचाही. पण चौथा डाऊन आणि १३ असताना बेलिचिक फील्ड गोल मारायला धजला नाही, यातच त्याला त्या रात्रीचा दाब जाणवत होता असं मला दिसतं.

चार्ल्सकाठ

हे मी आजवर या बाजूने पाहिलं नव्हतं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. पण टकला आम्ही २९ डिसेंबरला पाहिलं होतं आणि तरी ३ फेब्रुवारीला आवरू शकलो नाही, एवढं कबूल.

थेम्सतीर

लंडनहून. माझ्या वाट्याला या मोसमाचा एक तुकडा आला होता, तो इथे ठेवतो. २८ ऑक्टोबरला वेम्बलीत जायंट्स विरुद्ध मायामी, उत्तर अमेरिकेबाहेरचा साखळीतला पहिला सामना. दिवसभर पाऊस. पहिल्या क्वार्टरनंतर हिरवळ अशी उखडली की खेळाडूंच्या बुटांबरोबर गवताच्या पट्ट्या निघत होत्या. ईलायने स्वतः पळत एक टचडाऊन केला. निकाल १३-१०. शेजारचा इंग्रज गृहस्थ मला विचारत होता की यातला चांगला संघ कोणता. मी म्हटलं, दोन्ही साधारणच दिसतात.

त्याच मायामीचं पुढे काय झालं तेही याच मोसमाचा भाग आहे. १३ सामने हरले, एकही विजय नाही. इकडे पॅट्रियट्स १९७२च्या मायामीची बरोबरी करायला निघालेले, तिकडे खुद्द मायामी ०-१६च्या वाटेवर. अखेर १६ डिसेंबरला बाल्टिमोरविरुद्ध जादा वेळेत ग्रेग कॅमारिलो ६४ यार्ड पळाला आणि एक विजय पदरात पडला. १९७२च्या त्या संघाचे प्रशिक्षक डॉन शूला त्या दिवशी स्टेडियममध्ये हजर होते.

मुळामुठा

ग्रीन बेचा सामना कुणी पाहिला होता का? मी त्याबद्दल फक्त वाचलंय.

हडसनकाठी

पाहिला म्हणजे काय! २० जानेवारी, लॅम्बो फील्ड, उणे १८ अंश सेल्सिअस. वाऱ्यामुळे अंगाला उणे ३०च्याही खाली. कॉफलिनचा चेहरा लालभडक झालेला, गाल भाजल्यासारखे, आणि त्या चेहऱ्याने ते कडेला उभे राहून ओरडत होते. बरेसने त्या गोठलेल्या हातांनी ११ पास धरले, १५१ यार्ड. समोर ब्रेट फार्व्ह, ग्रीन बे पॅकर्ससाठी त्याचा शेवटचा सामना ठरला तो. तेव्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

लॉरेन्स टाइन्स हा आमचा किकर, जन्माने स्कॉटिश. ४३ यार्डांचा फील्ड गोल चुकला. मग २०-२० असताना, वेळ संपता संपता, ३६ यार्डांचा चुकला. तो बसला असता तर सामना तिथेच संपला असता. कॉफलिन त्याच्याकडे बघून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण चेहरा साऱ्या देशाने पाहिला. जादा वेळेत फार्व्हचा पास आमच्या कोरी वेब्स्टरने पकडला, पण पुढे चाल सरकेना. आता ४७ यार्ड. प्रशिक्षक विचार करतायत तोवर टाइन्स स्वतःहून मैदानात धावत सुटला. कुणी थांबवलं नाही. मारला, मधोमध. आणि चेंडू पार गेल्याची खात्री होताच तो संघसोबत्यांना मिठ्या मारायला न थांबता सरळ पळत कपड्यांच्या खोलीकडे गेला, त्या थंडीतून आत.

माझा शेजारी, आयुष्यभराचा जायंट्सवाला, ऐंशीच्या घरातला, त्या रात्री कोट न घालता माझं दार ठोठावायला आला होता. दोघांनाही बोलता येईना. मी चहा टाकला.

सांजवात

खूप आवडला हा प्रतिसाद. कालच मुलाला फोन केला होता, तो आता सिॲटलला असतो. त्याला म्हटलं, तू न सांगितलेलं उत्तर मला मिळालं. त्याचा प्रश्न आहे, तो इथे टाकते: टायरीने पुढे काय केलं, हे यातल्या किती जणांना माहीत आहे?

हडसनकाठी

सांजवात, मुलाला माझा नमस्कार सांगा. विचारायचं तेच विचारलंय त्याने.

टायरी आमच्याच राज्यातला, माँटक्लेअरच्या शाळेत खेळलेला. मुख्यतः किकच्या वेळी धावून समोरच्याला पाडणाऱ्या तुकडीतला, त्यात नावाजलेला. रिसीव्हर म्हणून अगदी मागच्या रांगेत. त्या साखळीत त्याने अवघे चार पास धरले होते, टचडाऊन एकही नाही. त्याच डिसेंबरात त्याची आई अचानक गेली. सुपर बोलच्या आधीच्या शुक्रवारी सरावात त्याच्या हातून पासामागून पास सुटले. ईलायने त्याला धीर दिला. रविवारी चौथ्या क्वार्टरमधला पहिला टचडाऊनही त्याचाच होता, पाच यार्डांचा, हे लोक विसरतात.

पुढचा सगळा मोसम दुखापतीत गेला. २००९मध्ये बाल्टिमोरकडून दहा सामने खेळला, एकही पास धरला नाही. या लीगमध्ये त्याने पकडलेला शेवटचा चेंडू तोच.